सगळ्या ओळी लाल

२ नोव्हेंबर २०१२, जवाहरनगर

नाटकाचा सत्यानाश! आमच्या नाटकातल्या सेवकरामने संध्याकाळी गावाकडून ताराचंदचा पेनड्राइव्ह क्वार्टरवर आणून दिला. "गुरुजीनं देल्ला," एवढंच म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. मी नोटपॅडमध्ये फाइल उघडली — अख्खं नाटक एका ओळीत! पात्रं, संवाद, पडदा, सगळं एकमेकांच्या अंगावर. मी प्रत्येक संवाद वेगळ्या ओळीवर टाइप केला होता. माझ्या टायपिंगवर ऑफिसात कोणी बोट ठेवू शकत नाही. हे आपोआप होत नसतं. कोणीतरी करतं.

आणि सेवकराम चहाला का थांबला नाही?

३ नोव्हेंबर

तुळसाला दाखवलं. म्हणाली, "तुमाले तं चहात साखर कमी पडली तरी कोनाचा तरी डाव दिसते." हसून स्वयंपाकघरात गेली. हिला काय कळतं! करडीच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक मी लिहितो, ताराचंद तपासतो. स्टेजवर मी थोरला भाऊ होतो, तो धाकटा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. पण गेल्या मंडईला लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, तेव्हापासून त्याची मान जरा ताठच झाली आहे. मंडईला सासरहून लेकी येतात, नागपुरात गेलेली पोरं येतात, सारं गाव भरतं. त्या गर्दीत पोस्टरवर 'लेखक — ताराचंद' दिसावं, असं त्याच्या मनात असणार.

५ नोव्हेंबर

फोन केला. सरळ नाही विचारलं, चाचपून पाहिलं. "काही बदललं का रे?"

"नाई बा, जसंच्या तसं हाय. शाळेतल्या कॉम्प्युटरवर आता लिनक्स टाकलं. तुया पेनड्राइव्हमधी वायरस असन म्हणून नवीन फाइल बनवून घेतली. फक्त ते शेवटी —"

रेंज गेली. की त्याने कापला? आणि वायरस माझ्या पेनड्राइव्हमध्ये! संशय बघा कोणाच्या मनात आहे!

'फक्त ते शेवटी' — काय शेवटी?

७ नोव्हेंबर

वरठीच्या सायबर कॅफेवाल्याकडे गेलो. त्याच्याजवळ दोन फाइली शेजारी ठेवून फरक दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. बदललेली ओळ लाल होते. डावीकडे माझी फाइल, उजवीकडे त्याची.

सगळ्या ओळी लाल! पहिल्या नांदीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत. एक ओळ सोडली नाही पठ्ठ्याने! डोळे ताणून पाहिलं तर शब्द तेच वाटतात. म्हणजे किती सफाईने केलं असेल. कॅफेवाला म्हणाला, "काका, पूर्ण बदलवलं दिसते." तिऱ्हाईत माणूस सांगतोय. आणखी काय पुरावा हवा?

११ नोव्हेंबर

करडीला तालमीला गेलो. समाजमंदिरात सगळी मंडळी बसली होती. सर्वांसमोर बोललो. मनात होतं ते सगळं बोललो.

ताराचंद उठून उभा राहिला. "हिरालाल, तू मले चोर म्हणून राहिला?"

"मग काय साव म्हणू?"

त्याने धाकट्या भावाचा गमछा खांद्यावरून काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला. "तं मंग करा तुमी तुमचं नाटक." आणि सायकल काढून गेला.

तुमी! शाळेत एका पाटावर बसलो आम्ही. आजवर त्याने मला कधी तुमी म्हटलं नव्हतं. चोर पकडल्याचं समाधान वाटायला हवं होतं. नाही वाटलं. जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर

तालीम बंद. धाकटा नाही तर थोरला भांडणार कोणाशी?

१४ नोव्हेंबर

मनाली नागपूरहून आली. तिची नोकरीच कॉम्प्युटरची, म्हणून तिला पुरावा दाखवला. तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, टाइपरायटरवर ओळ संपली का तुम्ही काय करत होते?"

काय करणार? कॅरेज पहिल्या जागी सरकवायचा आणि रोलर फिरवून कागद वर घ्यायचा. दोन कामं.

"हं. विंडोज ओळीच्या शेवटी त्या दोन्हीच्या खुणा टाकते. लिनक्स एकच टाकते. तुमच्या नोटपॅडले एकट्या खुणेची ओळख नाही, म्हणून त्याले ओळ संपल्याचं समजलंच नाही. अन् त्या सॉफ्टवेअरले प्रत्येक ओळीचा शेवट वेगळा दिसला. झाल्या सगळ्या लाल! काकानं काहीच नाही केलं."

खुणा डोळ्यांना दिसत नाहीत म्हणे. न दिसणाऱ्या गोष्टीवर मी विश्वास कसा ठेवू? म्हटलं, "त्या खुणा सोडून बाकीचं तपासता येतं का?"

"येते. उद्या. आधी आईले अनारसे तळू लागते."

तिला घाई नाही. मला आहे! काहीच निघालं नाही तर मी ताराचंदला कोणतं तोंड दाखवू?

१५ नोव्हेंबर

मनालीने लॅपटॉपवर तपासलं. लाल रंग एका झटक्यात गेला. सगळं पांढरं. तळाशी मात्र एक ओळ लाल राहिली.

"सापडला!" मी ओरडलोच. म्हटलं नव्हतं मी?

मग वाचली. शेवटचा प्रवेश. थोरला धाकट्याला घराबाहेर काढतो. मी लिहिलं होतं — "जाय! अन् पुन्हा या गावात तोंड दाखवू नको!"

त्याने केलं होतं — "जाय! पन मंडईले ये."

तुळसा मागे उभी राहून वाचत होती. या वेळी हसली नाही.

'फक्त ते शेवटी' — हे सांगत होता तो. माझ्या ओळीपेक्षा चांगली आहे. लिहिताना हात अडतो, पण चांगली आहे. अशा माणसाला मी भर सभेत चोर म्हटलं! लाज वाटते.

१६ नोव्हेंबर

फोन लावला. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. म्हटलं, "ताराचंद, मंडईले ये."

रेंज गेली? की कापला?

"पयले मले घरातून काढशीन तं! तालीम कवा हाय?"