सोनेरी सीरम आणि घराण्याचा रंग

सोमवार, २२ जानेवारी १९९६
काल कल्याणला हेमाला पाहून आलो. हे अकरावं स्थळ. आधीची दहा मी नाकारली. (त्यातली सात त्यांनी नाकारली, पण मनातून मी आधीच नाकारली होती, तेव्हा धरायला हरकत नाही.)

हेमा शाळेत शिक्षिका. पोहे पुढे ठेवले आणि म्हणाली, मी नाही केले, आईने केलेत, माझे चिकट होतात. अशी खरं बोलणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. आवडली. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मला सहसा कोणी आवडत नाही.

अडचण एकच. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि मीराताईने त्यांना पस्तीस सांगितलंय. ताईचा दोष नाही, मीच सांगायला लावलं. हेमाचे मामा गुणाजीराव ठाणे कोर्टात बेलिफ. लपलेली माणसं हुडकून हातात नोटीस ठेवायची, हा यांचा पेशा. माझ्याकडेही तसेच बघत होते. म्हणाले, "जरा थोराड दिसता." मी म्हटलं, कॉलेजच्या लॅबमधल्या ॲसिडच्या वाफा, दुसरं काय.

पक्कं ठरवायला २५ फेब्रुवारीला पुन्हा भेट. पाच आठवड्यांत सहा वर्षं कमी करायची. शास्त्राला अशक्य नाही.

मंगळवार, २३ जानेवारी
स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाने पाठवलेलं मासिक पडलं होतं. आमचे प्रोफेसर त्यावर चहाचे कप ठेवतात. मी वाचलं. (मी हुद्द्याने प्रयोगशाळा सहाय्यक. म्हणजे केमिस्ट्री प्रत्यक्षात मी चालवतो, ते नुसती शिकवतात.)

शोध असा: माणूस म्हातारा होत नाही, तो ऑक्सिडाइज होतो. व्हिटॅमिन सी हे अँटिऑक्सिडंट. त्याचं सीरम चेहऱ्याला लावायचं, सुरकुत्या खलास. तिकडे इवल्याशा बाटलीला डॉलर मोजतात. इकडे आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मसूरडाळ आणि दुधाची साय थापून गॅलरीत भुतासारख्या बसतात. अडाणीपणाला डोंबिवलीत तोटा नाही.

शनिवार, २७ जानेवारी
सीरम तयार. लॅबच्या कपाटातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच व्हिटॅमिन सी (बाटलीवर १९८८, म्हणजे चांगलं मुरलेलं), ग्लिसरीन, डिस्टिल्ड वॉटर, शिवाय व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून. तेल वर तरंगतंय. हलवून घ्यायचं.

मासिकात लिहिलंय, अंधारात, थंड जागी ठेवा. ते अमेरिकेच्या हवेसाठी. आपल्याकडे कुठलीही चीज उन्हाशिवाय मुरत नाही. आई लोणच्याची बरणी तोंडाला फडकं बांधून आठ दिवस उन्हात ठेवायची, दोन-दोन वर्षं टिकायचं. बाटली फडकं बांधून खिडकीत ठेवली.

बुधवार, ३१ जानेवारी
पाण्यासारखं होतं, आता सोनेरी झालंय! मुरतंय. लावायला सुरुवात. सकाळी एकदा, झोपताना एकदा. चुरचुरतं. म्हणजे काम करतंय.

शनिवार, ३ फेब्रुवारी
बाटली आता दिवसा लॅबच्या खिडकीत ठेवतो, तिथे ऊन जास्त; संध्याकाळी घरी आणतो. आमच्या हेड क्लेमेंटिना मॅडमनी पाहिली. म्हणाल्या, त्र्यंबक, हे ऑक्सिडाइज होऊन मेलेलं आहे, पिवळं झालं की संपलं, तोंडाला लावू नकोस, डाग पडतील.

मी हसलो. बाईंची डॉक्टरेट ॲस्कॉर्बिक ॲसिडवर आहे म्हणून त्यांना ॲस्कॉर्बिक ॲसिडमधलं सगळं कळतं असं थोडंच आहे! पुस्तकी विद्या. आयुष्यात कधी लोणचं घातलं नसेल.

दिवसातून चार वेळा लावायचं ठरवलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
परिणाम दिसू लागला. चेहऱ्यावर तेज आहे. शिपाई धोंडीबाने विचारलं, "साहेब, हळद लागली का? सांगितलं पण नाय." म्हणजे नवरदेवासारखा दिसतोय. अडाण्यांच्या तोंडून खरं निघतं ते असं.

बाटलीचा रंग आता चहासारखा. तीव्रता वाढतेय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
घोटाळा झाला. गुणाजीराव कुणाला तरी नोटीस द्यायला कॉलेजवर आले आणि गेटवरच गाठ पडली. माझ्याकडे पाहून दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "अहो, तुम्हाला कावीळ झालेय!"

दोन पर्याय होते. एक, खरं सांगणं. म्हणजे तोंडाला लेप लावणारा पुरुष म्हणून दुपारपर्यंत अख्ख्या कोर्टात नाव. दोन, कावीळ. मी मान हलवली.

त्यांनी तिथूनच रिक्षात घातलं आणि मासळी बाजारात आवडाबाईकडे नेलं. ही दिवा गावची कोळीण. सकाळी मासे विकते, दुपारी काविळीची माळ घालते. एकाच हाताने. तिने माझी पापणी ओढून पाहिली आणि मामांना म्हणाली, "डोलं तं पांढरं हायेत. याला कावील नाय झायली. यानी त्वांडाला कायतरी फासलंय."

एका कोळणीने शास्त्राला आव्हान द्यावं! मी तिला ठणकावून सांगितलं की मला कावीळच आहे. भूक लागत नाही, मळमळतं, अंग मोडून येतं. ती नाही म्हणत होती, मी हो म्हणत होतो. शेवटी मामाच म्हणाले, बाई, घाला एक माळ, नुकसान तर नाही. तिने नारळ घेतला, कसल्याशा काटक्यांच्या तुकड्यांची माळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, ही वाढत वाढत गल्यात उतरली की कावील गेली. मग पुटपुटली, असली तं.

तेल-तूप बंद. उसाचा रस आणि चुरमुरे. लग्नासाठी माणसाने काय काय सोसावं!

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
माळ डोक्यावर घालूनच लॅबला जातो. काढून ठेवावी तर मामा कोर्टातून कधीही चक्कर टाकतात. एफवायची मुलं मला लांबून नमस्कार करतात आणि पळतात. त्यांना सांगितलं, माळ वाढते यात चमत्कार नाही, काटक्या वाळतात आणि गाठी सुटतात. एकाने विचारलं, मग सर, घातलीत का? हल्लीच्या मुलांना प्रश्न विचारायचं वळणच नाही.

सीरम चालू आहे. सोडून कसं चालेल, नऊच दिवस राहिले. आता सहा वेळा. तळहातही सोनेरी झालेत.

मंगळवार, २० फेब्रुवारी
माळ गळ्यात उतरली. चेहरा जिथल्या तिथे. बाजारातून येताना आवडाबाईने पाहिलं आणि पाटीवरून उठलीच. म्हणाली, माझ्या मालेनं आजवर कुणाची कावील राहिली नाय, सात गावांत नाव हाय माझं, तुझ्या त्वांडापायी ते घालवू? मग माझा कान धरून मागची बाजू सगळ्या बाजाराला दाखवली. "ह्ये बगा, कानामागं गोरा नि पुढं पिवला! कावील काय कान बगून येते?" एकीने साबणाची वडी आणली. मी निसटलो.

या बायकांना पॅथॉलॉजीचं ओ की ठो कळत नाही.

निश्चय: यापुढे कानामागेही लावायचं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
मामांचा निरोप: रविवारच्या आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवा. आनंदाने गेलो. रक्तात काही निघणार नाही याची मला सोडून कुणाला खात्री असणार!

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
रिपोर्ट नॉर्मल. तो मामांनीच परस्पर उचलला, बेलिफच तो. मग आठवलं की त्यावर वयही छापलेलं असतं. माझ्या तोंडाने मीच सांगितलं, एक्केचाळीस. सुई समोर आली की माणूस खरं बोलून जातो.

झोप लागली नाही. हेमा आवडली नसती तर बरं झालं असतं.

रविवार, २५ फेब्रुवारी, सायंकाळी ७
कल्याणहून आत्ताच आलो.

मामांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. मी घाम पुसला, रुमाल पिवळा झाला, लपवला. मामा हसले. म्हणाले, तुमचं वय आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलेलं. आमचं कामच ते. हेमाच म्हणाली, असू द्या, सहा वर्षांनी काय होतंय. हेमा मान वर करून म्हणाली, "मी पण सदतीसची आहे. मला चालतंय."

असं कुणी माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं. पाणी मागितलं.

मग तिनेच विचारलं. सरळ, शाळेतल्या मुलाला विचारतात तसं. कावीळ नाही, तर मग चेहऱ्याला काय झालंय?

इथे सांगायला हवं होतं. सगळं माफ झालं होतं, हेही झालं असतं. तोंड उघडलंही. पण मामा रोखून बघत होते, हेमाची आई दारात उभी होती, आणि आठवडाभर डोक्यावर माळ घालून फिरलेल्या माणसाने आता काय सांगायचं? म्हटलं, काही नाही, आमच्या घराण्याचाच रंग आहे. वडिलांचा होता, आजोबांचा होता. चाळिशी आली की उमटतो.

वर शास्त्रीय माहितीही दिली: तसा निरुपद्रवी असतो, मुलींकडून पुढे जातो.

हेमाची आई आत गेली. चहा आला नाही.

पण एकंदरीत भेट चांगली झाली. उत्तर हजरजबाबी होतं. घराण्याचं म्हटल्यावर कुणी औषध सुचवत नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी
मीराताई आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. इतकी संतापलेली मी तिला पाहिली नव्हती, बाबा गेले तेव्हाही ती माझ्यापेक्षा शांत होती. गुणाजीरावांकडून नकार आला आहे. कारण, घराण्यात रोग.

तेवढंच नव्हे. ताईच्या थोरलीचं माजिवड्याच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या कानावर कल्याणहून गेलं की या मुलींच्या आजोळी चाळिशीत पिवळं पडायचा रोग आहे आणि तो मुलींकडून पुढे जातो. त्यांनी थांबा म्हणून सांगितलं. ताई म्हणाली, "अरे, बाबांचा रंग केतकीसारखा होता रे! ते गेल्यावर त्यांना आजारी पाडलंस? आणि माझ्या पोरींनी तुझं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, लोकांना आनुवंशिकता कळत नाही हा माझा दोष नाही. ताईने विचारलं, खरं काय ते सांग. सांगितलं. तिने खिडकीतली बाटली उचलली, पिशवीत टाकली आणि गेली.

शुक्रवार, १ मार्च
सीरम नाही. रंग उतरत चालला. पाण्याने आणि साबणाने, रोज थोडा थोडा. क्लेमेंटिना मॅडमनी बघितलं, काही म्हणाल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

रविवार, ३ मार्च
ताई गुणाजीरावांकडे जाऊन आली. बाटली पुढे ठेवून सगळं सांगितलं, लाज न धरता. नंतर माजिवड्यालाही गेली. थोरलीचं जमेल असं वाटतंय, ते लोक आधी घाबरले आणि मग इतके हसले की चहा सांडला म्हणे. हसू देत. पोरीचं जमू दे.

मला वाटलं, रोग नाही म्हटल्यावर हेमाचंही जमेल. विचारलं. ताई म्हणाली, मामा तयार होते. हेमा नाही म्हणाली.

तिचं म्हणणं असं: रोग असता तर मामांना मीच समजावणार होते, रोग काय, सांभाळता येतो. पण एक बाटली झाकायला यांनी स्वर्गवासी वडिलांना आणि भाच्यांना आजारी पाडलं. उद्या मला कुणासमोर काय काय पाडतील.

एका शिक्षिकेकडून अशा भावनिक विचाराचीच अपेक्षा होती. असं लिहिलं, पण खोडतो. मला फार वाईट वाटलं. फार म्हणजे, जेवलो नाही.

ताई निघताना दारात मी विचारलं, माझ्या दिसण्याबद्दल काही बोलली का.

ताई म्हणाली, हो. पहिल्या दिवशी पोहे खाताना बघितलेलं, तेव्हाच चेहरा आवडलेला म्हणाली.