लेव्हरकुसेन हरलं की

१९ सप्टेंबर २०२३, मंगळवार
ताईकडे गणपती बसले. अल अझीझियातला छोटा फ्लॅट, पण मखर झकास. आरती झाल्याझाल्या ताईने चारचौघांत विचारलं, वऱ्या, लायसन्स कधी काढणार? प्रश्न रास्त आहे. भाऊजी दुखानला शिफ्टवर, आठवडाभर तिकडेच. गाडी खाली धूळ खात उभी. गार्गी, म्हणजे माझी भाची, वय नऊ, गोलकीपर. वक्र्याच्या फुटबॉल अकादमीत तिची निवड झालीये आणि न्यायला कुणी नाही. मला दोह्यात आणलं, नोकरी लावली, जेवू घालतात, ते काही माझ्या रूपाकडे बघून नाही.
सगळे बघत होते. अक्षता हातात घेऊन बोलून गेलो: बाप्पा, बुंडेसलिगात लेव्हरकुसेन हरलं की त्याच आठवड्यात मॅच बघणं खलास आणि ड्रायव्हिंग क्लास सुरू.
विचार करून बोललो. ऐन वेळी माती खाण्यात ही माझी लाडकी जर्मन फुटबॉल टीम प्रसिद्ध आहे. फार तर दसरा.
मोदक अकरा.

२४ ऑक्टोबर
दसरा. हरले नाहीत.
ताईने गाडीला झेंडूचा हार घातला, पूजा केली. उभ्या गाडीची. मी फोटोपुरता स्टिअरिंगवर बसलो. गार्गी म्हणाली, मामा, आर वी गोइंग समव्हेअर? मनाने मला खाल्लं. मग श्रीखंड खाल्लं.

९ डिसेंबर
अजून नाही. क्लास आधी लावता येत नाही, नवसाशी खेळ नको. ऑफिसातला रमीज, मूळचा चिपळूणचा, म्हणाला, अरे मेल्या, लोक पास होऊ दे म्हणून नवस करतात, तू क्लास लावायला नवस केलास? मी म्हटलं, घाई केली तर कोप होतो. तो म्हणाला, कोप होईल तो बहिणीचा.
रमीजला श्रद्धेतलं कळत नाही.

१३ जानेवारी २०२४, शनिवार
कोचने गार्गीची जागा आजपर्यंत राखली होती. समोर ऑग्सबुर्ग. आम्ही दोघं सोफ्यावर. गार्गी डोळे मिटून पुटपुटत होती, प्लीज लूज, प्लीज लूज. शून्य-शून्य. ऑग्सबुर्गने एक मारला की झालं. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला गोल झाला, पण लेव्हरकुसेनचा.
मी उडी मारली. सवयीने. गार्गीने माझ्याकडे बघितलं.
जागा गेली. तिचे नवे ग्लव्हज अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, बाथरूमबाहेरच्या हुकाला. रोज दात घासताना दिसतात. ताईला सांगावं का, दुसरीकडे टांग म्हणून?

१० फेब्रुवारी
आज समोर बायर्न, तिकडची सगळ्यात दादा टीम. आज हरणारच. तयारीला कसर नको म्हणून क्लासला जायचे बूट घेतले. ग्रिपवाले.
लेव्हरकुसेन तीन, बायर्न शून्य.
त्यात आजच कतारने एशियन कप जिंकला. सगळं गाव गाड्या काढून रस्त्यावर, हॉर्नवर हॉर्न. आमची गाडी सोडून सगळ्या गाड्या. गार्गी गॅलरीतून बघत होती. तिला म्हटलं, आपण दोघं चालत जाऊ. बूटही नवे आहेत. नको म्हणाली.
बूट चावतात.

२ मार्च
ताई हल्ली शनिवारी संध्याकाळी घरी नसते. भिशी असणार. गार्गीला मी सांभाळतो. कुणी मोजत नाही, पण हेही कामच आहे.

३० मार्च
रोजे चालू. रमीज इफ्तारला इथेच आला, खजूर घेऊन. हॉफेनहाइम अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत पुढे! मी ताईला हाक मारून सांगणार होतो की सोमवारी क्लास. ताई भिशीला. तेवढ्यात लेव्हरकुसेनने दोन मारले. रमीज म्हणाला, तुझ्या बाप्पाची पण इच्छा दिसत नाही रे, तू रस्त्यावर यावंस अशी.
हल्ली जेवताना टेबलाखाली ताईचा उजवा पाय आपोआप दाबला जातो. बी ट्वेल्व्ह कमी असेल. तिला गोळ्या आणून द्याव्यात.

१४ एप्रिल
चॅम्पियन. पाच-शून्य. तिकडे लोक मैदानात घुसून नाचले. इकडे गार्गी रडली. ताई तिला म्हणाली, रडू नकोस बाळा, मामाची टीम जिंकली ना. ज्या आवाजात म्हणाली, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.
गोळ्या आणायच्या राहिल्या.

२७ एप्रिल
श्टुटगार्टविरुद्ध शहाण्णवाव्या मिनिटाला बरोबरी. ही माणसं आहेत का कोण आहेत.

१८ मे
सीझन संपला. एकदाही हरले नाहीत. बुंडेसलिगात असं आजवर कुणी केलं नव्हतं. नेमकं यंदाच करायचं होतं.
म्हणजे मी शब्द मोडलेला नाही. ताईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो रे, तू कुठे मोडलास.
झोप लागत नाही.

२३ मे
काल युरोपातल्या दुसऱ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये हरले. तीन-शून्य. धडधडीत.
नवसात मी बुंडेसलिगा स्पष्ट म्हटलं होतं. टेक्निकली सुटलो. पण सकाळी गार्गी उड्या मारत आली, मामा, दे लॉस्ट! तिला टेक्निकली कसं सांगणार? दात घासायला गेलो. ग्लव्हज.
ठरलं. शनिवारी क्लास. ताईला सांगितलं. ती आमटी ढवळत म्हणाली, वा. मी सोडते तुला.
टॅक्सीने सोडेल. बहीण आहे शेवटी.

२५ मे, शनिवार
खाली गेलो तर ताई गाडीत. ड्रायव्हरच्या सीटवर. मी म्हटलं, ताई, काय करतेस, पोलीस धरतील. तिने पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. गेल्याच आठवड्यात मिळालंय. भिशी वगैरे काही नव्हती. तुझ्या मॅचेसमुळे जमलं रे, म्हणाली, दर शनिवारी गार्गीपाशी घरात कुणीतरी हक्काचं होतं.
पुढच्या सीटवर गार्गीची किटबॅग. मी मागे, गार्गीशेजारी. ग्लव्हज तिच्या हातात, पिशवीबाहेर. वक्र्याला नव्याने ट्रायल आहे. तिला म्हटलं, मी पास झालो ना, की रोज मीच नेणार तुला. ती म्हणाली, इट्स ओके मामा, यू डोंट हॅव टू. अगदी प्रेमाने म्हणाली.
ग्रिपवाल्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या.
क्लासच्या फाटकाशी ताई म्हणाली, यल्ला, उतर, आम्हाला उशीर होतोय. उतरलो. गाडी वक्र्याच्या रस्त्याला वळली.
इंडिकेटर जरा उशिराच दिला तिने. मी आधी दिला असता.