शिशाच्या एकट्या वीराची विल्हेवाट

मी, हॉरेस आर्थर रॅग, वय वर्षे शहात्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार बीस्टन, नॉटिंगहॅमजवळ, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापतो तो वयाने कापतो, आणि खालचा मजकूर मला कोणी पढवलेला नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातल्या शेवटच्या दोन्हींत मी डेझ्मंड टाउलविषयी जे लिहिले होते ते रागाच्या भरात लिहिले होते. या वेळी शांतपणे लिहीत आहे.

कलम १. माझी भाची गिलियन हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो. वकील मिस पॅशली यांनी मसुदा वाचून सांगितले, "मिस्टर रॅग, हे मृत्युपत्र आहे, भांडण नव्हे. निम्मं गाळता येईल." मी म्हटले, "बाई, माझ्याकडे वाटायला तेच जास्त आहे." त्यांनी पुढे काही गाळले नाही, त्याबद्दल आभार.

कलम २. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक गिलियनला द्यावी. शेजारच्या मिसेस स्टेंडॉल यांच्या मांजरीला मागच्या अंगणात येण्याची मुभा मी हयातीत दिली नव्हती. गिलियनने द्यायची तर द्यावी.

कलम ३. गॅरेजातले वाळूचे टेबल आणि काचेच्या कपाटांतले शिशाचे सगळे सैन्य आमच्या गुरुवारच्या मंडळाला द्यावे. अट एकच, फ्रेंच आणि प्रशियन एका खोक्यात भरू नयेत.

या सैन्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत. आमच्या खेळात एक शिपाई म्हणजे वीस माणसे. खरी पलटण टेबलावर मावत नाही, म्हणून हा हिशेब. तीन बोटे रुंदीची रांग पुढे सरकली की एक अख्खी पलटण टेकडी चढली असे आम्ही धरतो, आणि फासे टाकून कोण टिकले, कोण पळाले ते ठरवतो. नेपोलियनच्या काळातल्या प्रत्येक पलटणीच्या बटणांचा रंग मी ग्रंथालयात बसून शोधला, आणि माझी पत्नी एनिड हिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. बटणे भरली, पट्टे भरले, डोळे मात्र कधीच काढले नाहीत. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "हॉरेस, तुझा एक म्हणजे वीस. वीस जणांचे डोळे मी एका तोंडावर काढू कसे?" मला ते पटले. सैन्य माझे होते, हिशेब माझा होता, आणि ती माझीच गंमत करत होती. मी खूश होतो.

कलम ४. तांब्याच्या तारेचे माझे कडे, ज्याने तोफगोळा फुटला की किती शिपाई पडले हे मोजतात, तेही मंडळाला द्यावे. ते मी स्वतः वाकवून केले आहे, तोफांच्या जुन्या पुस्तकांत पाहून. मंडळी आता ते चेटक्याच्या अग्निगोळ्यासाठी वापरतात. वापरोत. पण ते आधी तोफेचे होते, हे नव्या पोरांना कोणीतरी सांगावे.

चेटक्या आला तो डेझ्मंड टाउलच्या पिशवीतून. १९७१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. डेझ्मंडचे हाय रोडवर भिंतीच्या कागदांचे दुकान होते. गिऱ्हाईक नसले की तो गल्ल्यावर बसून स्वस्तातली पुस्तके वाचायचा, ज्यांच्या मुखपृष्ठावर अर्धा नागडा दांडगा तलवार उगारून उभा असतो आणि मागे साप असतो. त्या गोष्टींतल्या नायकाला ना राजा ना देश. तो दारू पितो, देवळात चोरी करतो, आणि चेटक्याचे डोके उडवून पुढच्या गावाला जातो. मी या वाङ्मयाविषयी मंडळात जे बोललो ते इथे लिहीत नाही.

त्या गुरुवारी डेझ्मंडने माझ्या टेबलावर, माझ्या ऑस्ट्रियन रांगेसमोर, स्केग्नेसच्या किनाऱ्यावर विकतात तसला रबरी सरडा ठेवला, लांब डगल्यातला एक म्हातारा ठेवला, आणि उघड्या छातीचा, हातात तलवार असलेला एक बाहुला ठेवला. बाहुला त्याने माझ्याच एका घोडेस्वाराला कानशीने घासून केला होता. हेही मी विसरलेलो नाही.

"हे काय आहे?" मी विचारले.

"मास्तर, जरा गंमत," तो म्हणाला. "हा चेटक्या. ह्याची आग म्हणजे तुझी तोफ समज. तुझं कडं वापरू. आणि सरडा दिसला की तुझे लोक आधी घाबरतात का ते बघू. फासे तुझेच."

"आणि हा उघडा?"

"हा वीर आहे."

"ते दिसतंय. किती माणसं धरायची? वीस?"

 डेझ्मंडने डोके खाजवले आणि मंडळातले सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण नियम मी करत असे. तेव्हा गॅरेजच्या दारात एनिड चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तो एकटाच आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

एकटा शिपाई आमच्या टेबलावर त्याआधी कधी कोणी पाहिला नव्हता. एक म्हणजे एकच, आणि तरी विसांना पुरून उरणारा. त्या संध्याकाळी तो माझ्या ऑस्ट्रियनांच्या रांगेत घुसला, त्यांचा सेनापती मारला, आणि माझी पलटण सरड्याला भिऊन वाळूतून पळाली. मंडळी टेबलावर हात आपटून हसत होती. पुढच्या गुरुवारी चौघांनी आपापले वीर घासून आणले. उन्हाळ्यापर्यंत माझ्याबरोबर नेपोलियन खेळायला कोणी उरले नाही.

कलम ५. एनिडच्या पलंगाशेजारच्या फळीवरची पुस्तके डेझ्मंडला परत द्यावीत. ती त्याचीच आहेत. त्याने एक दिले, मग दुसरे दिले, आणि एनिड ती वाचू लागली. वाटाण्यावर पुदिन्याची चटणी घालता घालता हसायची. मी विचारले काय झाले, तर म्हणायची, "काही नाही, तो परत तुरुंगातून पळाला." सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही लढाईचा शेवट तिने मला विचारला नाही. ती मला सांगायची की लढाईचा शेवट आधीच ठाऊक असतो. मला हेवा वाटला. अजूनही वाटतो. डेझ्मंडने कधी तिचा हातही धरला नसेल, हे मला ठाऊक आहे. हात धरला असता तर निदान मला काहीतरी बोलता आले असते.

कलम ६. हे कलम मी जाहीर निवेदन म्हणून लिहीत आहे. शहरातल्या संग्रहालयात या खेळांच्या दालनात आमच्या मंडळाची एक पेटी मांडली आहे. तिच्यावरची पाटी म्हणते की एक बाहुला म्हणजे एकच माणूस ही कल्पना इथे प्रथम डेझ्मंड टाउल यांनी मांडली, आणि खाली "तो एकटाच आहे" हे वाक्य त्याच्या नावाने कोरले आहे. हे खोटे आहे. पुस्तके त्याची, बाहुला त्याचा, पण वाक्य एनिडचे. त्या वाक्यावाचून तो बाहुला वीस माणसांचा एक ठोकळाच राहिला असता. मी संग्रहालयाला कळवले. त्यांचे म्हणणे, टाउल स्वतः लेखी देतील तर पाटी बदलू.

कलम ७. तो वीर माझ्याकडे आहे. डेझ्मंडने त्याच आठवड्यात तो रंगवायला एनिडला दिला आणि परत मागायला संकोचला. तिने त्याला डोळे काढले. एकाच केसाच्या ब्रशने, श्वास रोखून, दोन ठिपके. मी ते भिंगातून पाहिले आहेत. ते तपकिरी आहेत. माझे डोळे निळे आहेत आणि डेझ्मंडचे तपकिरी. मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "अरे, घोडे रंगवत होते, ब्रशला तोच रंग होता." मी विश्वास ठेवला. बहुतेक ठेवला.

ती गेल्यापासून दर नाताळला डेझ्मंड येतो, मांस भरून भाजलेला पोर्क पाय खातो, आणि निघताना म्हणतो, "मास्तर, जरा बघू दे ना." मी वीर त्याच्या तळहातावर ठेवतो.  त्याने घरी दिवाणखान्यात एक फळी रिकामी करून ठेवली आहे, असे गिलियन सांगते. एनिडच्या हातची दुसरी कोणतीच वस्तू त्याच्याकडे नाही. तो वीर मी डेझ्मंड टाउल याला देतो.

कलम ८. मिस पॅशली यांनी मला कायदा समजावला आहे. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून मी पहिल्या साक्षीदाराची जागा डेझ्मंडसाठी ठेवली आहे, आणि सहीबरोबर कलम ६ खरे असल्याचेही त्याने तिथेच लिहून द्यायचे आहे. वेगळ्या कागदावर दिलेले मला चालणार नाही. त्याने सही केली तर पाटीवर एनिडचे नाव लागेल, आणि वीर माझ्या कोटाच्या खिशात घालून माझ्याबरोबर तिच्या कबरीशेजारी पुरून टाकावा. सही नाकारली तर वीर त्याचा आणि पाटीही त्याची, मग साक्षीला रस्त्यातून कोणालाही बोलवावे. मिस पॅशली म्हणाल्या, "हे फार दुष्टपणाचं आहे." मी म्हटले, "कायद्यात बसतं ना?" त्या म्हणाल्या बसते. हाही डाव मी दोन्ही बाजूंनी जिंकावा असाच मांडला आहे. त्याला तो वीर किती हवा आहे हे मला पाहायचे होते.

सहीपूर्वी हाताने वाढवलेला मजकूर. आज दुपारी मसुदा डेझ्मंडपुढे ठेवला. त्याने चष्मा पुसला आणि सगळे वाचले, घोडेस्वाराचेही. कलम ५ पाशी तो थांबला. मग कलम ६ वर बोट ठेवून म्हणाला, "पेपरवाले पहिल्यांदा मुलाखत घ्यायला आले तेव्हा मी तिचंच नाव सांगितलं होतं. त्यांनी छापताना गाळलं. मग मीही परत सांगितलं नाही. बरं वाटत होतं रे, मास्तर."

"म्हणजे कलम सहा खरं?"

"शब्द न् शब्द."

"सही केलीस तर वीर मिळणार नाही. कळलं ना नीट?"

"मास्तर, वाचता येतं मला. तू शिकवलं नाहीस तरी."

त्याने खिशातून आपले पेन काढले आणि टोपण उघडून बसला. मी म्हटले घाई नाही, विचार कर, उद्या ये. तो म्हणाला, "त्यात विचार कसला? एनिडचं नाव लागायला हवं." मिसेस स्टेंडॉल दुसऱ्या साक्षीला आल्या आहेत आणि हे सगळे ऐकत आहेत. मी हे लिहीत असताना डेझ्मंड म्हणतो आहे, "आटप, कायद्याने आधी तुझी सही हवी."

मला जे हवे होते ते सगळे मिळाले आहे. पाटी तिची होईल आणि वीर माझ्या खिशात येईल. पण मी त्याच्या जागी असतो तर पेन उघडायला मला रात्र लागली असती, आणि उघडले असते की नाही सांगता येत नाही. आम्हा दोघांतला हा फरक एनिडने माझ्याआधी ओळखला असावा, असे मला वाटते.

वरील सर्व मजकूर माझा आहे, वाढवलेल्या भागासह. दोन्ही साक्षीदारांच्या देखत, त्यांना आधी वाचायला देऊन, मी सही करत आहे.

हॉरेस आर्थर रॅग (सही)

साक्षीदार १. डेझ्मंड टाउल, बीस्टन. कलम ६ खरे आहे. ते वाक्य एनिड रॅग यांचे. (सही)

साक्षीदार २. आयव्ही स्टेंडॉल, शेजारी. (सही)

ठिकाण : बीस्टन
दिनांक : ९ नोव्हेंबर २००४