माळावरचा फेरा

तात्या, मी नोकरी धरलीय. हसू नका. तुम्ही जिथं दुधाची गाडी चालवलीत त्याच डेअरीत, आणि वर्ष होत आलं तरी पळालेलो नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तेवढ्या काळात मी किती कामं सोडली ते सांगत बसत नाही.

काम ऐकलंत तर आणखी हसाल. नवे साहेब म्हणतात, धुरानं जगाची हवा तापायला लागलीय. तेव्हा दूध गोठ्यातनं निघून पिशवीत भरेपर्यंत आपल्या डेअरीचा जेवढा धूर होतो, तो कमी करायचा. बॉयलर, जनरेटर शिकलेल्यांकडं दिलं. गाड्यांचं डिझेल माझ्याकडं. का, तर वरकुट्यापासनं अंथुर्ण्यापर्यंतची प्रत्येक गाडीवाट मला पाठ. "पायाला भिंगरी हाय का तुज्या?" म्हणून ज्यासाठी मला बदडायचात, तीच भिंगरी कामाला आली बघा. महिनाभरात गाडीचे फेरे कमी करून दाखव, नाहीतर पुण्याचा माणूस आणतो, असं साहेबांनी बजावलंय. म्हणून रोज एकेका गाडीत बसतो, वहीत तिचा रस्ता काढतो. दूध गोळा करायची जवळजवळची दोन सेंटरं एक केली. कॅन चढेपर्यंत इंजिन बंद ठेवायला लावलं. मधे एका बोरीखाली उतरलो ते तासभर बोरंच खात बसलो, पण ते राहू दे.

तुमचा क्लिनर आता ड्रायव्हर झालाय. आबा म्हणतो मी त्याला. परवा त्याच्या गाडीची पाळी होती. अंथुर्ण्याच्या अलीकडं त्यानं गाडी डांबरीवरनं माळाला घातली. घर नाही, गोठा नाही, नुसती कुसळं. "आबा, हितं सेंटर कुठाय?" "न्हाय." "मग आलो कशाला?" "रूटच हाय ह्यो. तुज्या बापानं पाडलाय." "दूध नसताना?" आबानं गाडी हळू केली. "दुधासाठी कोण येतंय रं! तू शाळंतनं पळून मेंढरांमागं जायचास, तात्या तुला हुडकाय यायचे. तवाचा साहेब बोंबलायचा, दूध नासतंय म्हणून. तात्या म्हणायचे, वाट चुकली साहेब. रोज चुकायची! त्यांच्यामागं मीबी तसंच चालवत ऱ्हायलो. हात आपोआप वळत्यात."

मी वही उघडली आणि त्या वळणावर फुली मारली. "बापाचा रस्ता पुसतूस व्हय?" "पुसतोय," म्हटलं. इतकी वर्षं रिकाम्या माळावर डिझेल जाळत गाडी मला हुडकत फिरतेय, आणि मी तर तिच्यातच बसलोय. उद्यापासनं ती सरळ जाईल. साहेबांना पटलं नाही तर पुन्हा दाखवीन, पुन्हा मोजून दाखवीन. ह्या खेपेला सोडून जाणार नाही.

हे पत्र टाकायचं कुठं? फुलीच्या पानातच घडी घालून ठेवतो. फक्त एक कबूल करायचं राहिलं. तुमच्या गाडीचा धुरळा मला लांबनंच दिसायचा. मी मुद्दाम घोंगडं डोक्यावर घेऊन मेंढरांत बसायचो. तुम्ही तीनदा हॉर्न वाजवायचात, थांबायचात, आणि वळायचात. एकदा उठलो असतो, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नसतात.