आठवी मूठ

आबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. एवढं ओझं बारा वर्षांच्या नातीच्या गळ्यात घालतं का कुणी?

श्रावणातला तो रविवार. शिंदखेड्याच्या घरी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी तुम्ही गहू मोजताय. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सुपात सव्वा मूठ टाकायची. तुम्ही नावं ओठांतल्या ओठांत घेता. तरुणपणी मुंबईच्या गिरणीत असताना तुम्ही बसलेली बोट समुद्रात उलटली, बाकी सगळे बुडाले आणि पोहता न येणारे तुम्ही वाचलात, ही कानबाईची कृपा, असं आजी दरवर्षीसारखं पाहुण्यांना सांगतेय. तुम्ही मान वर करत नाही. मी मात्र बोटांवर मोजतेय. शहाणपणा करायची हौस भारी! "आबा, पुरुष सात आणि मुठी आठ! एक जास्त झाली." काकू ती काढायला हात घालते, तसे तुम्ही खेकसता, "ऱ्हाऊ दे! तो बी घरनाच शे." आजी डोळ्यांना पदर लावते, कारण तिचा पहिला मुलगा पाळण्यातच गेला होता. ती मूठ त्याचीच असं तिने धरलं, आणि तुम्ही धरू दिलंत.

दुसऱ्या दिवशी कानबाईला निरोप द्यायला सगळे नदीत उतरले. पाणी गुडघाभर. तुम्ही काठावरच, माझं मनगट धरून. म्हणालात, गिरणीतल्या जोडीदाराबरोबर त्याच्या गावी निघाला होतात. बोट उलटली तेव्हा तुमच्या हाती फळी लागली आणि त्याने मागून तुमचा सदरा धरला. फळी दोघांना पेलत नव्हती. "मी त्याले लाथ मारी, माय. बुडता बुडता त्यानी मनं नाव लिधं." मला भीती वाटत होती ती तुमचीच.

तुम्ही गेल्यावर तुमची मूठ थांबली. ती जास्तीची मात्र आजीने चालू ठेवली, आपल्या बाळाचं नाव घेऊन. मी बघत राहिले. शेवटच्या आजारात तिने विचारलं, "तुना आबानी नदीवर तुले काय सांगं?" म्हटलं, बाळाची आठवण काढत होते. खोटं बोलले, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

यंदा आजी नाही. आई म्हणाली, आता ती मूठ बंद करू. मी म्हटलं, थांब, मी टाकते. गहू हातात घेतले. नाव घेतल्याशिवाय मूठ टाकायची नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. सगळ्या बायका खोळंबलेल्या. आई म्हणाली, "टाक ना." मी गहू परत डब्यात ओतले.

हे पत्र कुठे पाठवणार? पण सांगायला हवं. नदीवर तुम्ही त्याचं नाव मला दोनदा सांगितलं होतं. मी लाह्या-फुटाण्यांच्या परातीकडे बघत होते, आबा. माझ्या वाट्याचे संपतील म्हणून.