‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?

४ मे
हॉस्पिटलला आता हाताच्या ऑपरेशनांचा ‘दर्जा’ मोजायचाय. मोजणार कोण? अस्मादिक. वॉर्डातल्या नर्सला उचलून फोनवर बसवलंय. घरी गेलेल्या पेशंटला विचारायचं, बरं आहे का? हो म्हणाला की हिरवा, नाही म्हणाला की लाल. झाला दर्जा!

९ मे
दिवसभर फोन. सगळे हिरवे. चाकणला कारखान्यात प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला बालाजी, नांदेडकडचा, वॉर्डात लहान पोरासारखा रडायचा. तोही म्हणे, "बरं हाय की मॅडम. तुमचं बरं हाय ना?" म्हटलं, बरं. हिरवा. दर्जाचं खातं बघणारे सर खूष. मला काही पटत नाही. फोनवर पहिल्या झटक्यात ‘बरं नाही’ कोण म्हणतं आपल्यात? सासूबाई सलाईन लावलेलं असतानाही आल्यागेल्याला बरं आहे म्हणायच्या.

२० जून
दुसऱ्या फेरीचे फोन. तेच ते ऐकून वैतागले. बालाजीला विचारलं, शर्टाचं बटण लावता येतं का? हळूच म्हणाला, "बायकू लावती." बोटं वळतच नाहीत. "मशीनवर न्हाई घेत. झाडू मारायलो सध्या." मशीनवरची जागा दिवाळीपर्यंत ठेवतील म्हणे, पुढचं सांगता येत नाही. फोन ठेवला आणि खूप रडू आलं. रागाने.

२२ जून
सगळ्यांना बटणाचंच विचारलं. धडाधड लाल! सर: "मॅडम, असं खोदून विचाराल तर कुणीच बरा निघायचा नाही." मग विचारता कशाला? ओठावर आलं होतं, गिळलं. जुनाच प्रश्न ठेवायचा हुकूम. डोकं नुसतं भणभणतंय.

२५ जून
सरांना न सांगता बालाजीला बोलावलं. हातवाल्या डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली. बोट वळवणारा दोर, टेंडन, आत चिकटलाय. वेळेत आला असता तर व्यायामाने सुटला असता, आता पुन्हा ऑपरेशन, तेही खात्री नाही. डॉक्टर भडकले. "इतके दिवस होतास कुठे?"

बालाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडमचा फोन आल्ता की. मी म्हणलं बरं हाय, त्याबी म्हणल्या बरं. मला वाटलं, हितकंच बरं व्हत आसंल."

ऑपरेशनचं घरी विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन नाही. मी केला तर काय विचारू, तेच सुचत नाहीये.