घामाचा हप्ता

११ मे
आणि वर ताई म्हणते, घाम काही बँकेतून पाठवता येत नाही! मग मी इथे कोरियात साच्यातून बादल्या काढतो, त्या काय पंख्याखाली बसून? दिवसाला लाख वॉन कमावतो मी. पण संस्थेचा नियम: घर ते बांधून देणार, बिनव्याजी, पैसे सावकाश फेडा, मात्र घरच्यांनी स्वतः येऊन राबायचं. घामाचा हप्ता म्हणे. आई आणि ताईचा सुरू झालाय, माझा बाकी. जूनमध्ये घरी, मंगोलियात उलानबातरला जातोच. आईला लोकरी तंबूत, कोळशाच्या धुरात खोकत आणखी एक हिवाळा काढू देणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ मे
नकाशा आला. दोन खोल्या. एक आई-ताईची, एक माझी. माझ्या खोलीला खिडकी दक्षिणेची, असं कळवलं. ताई म्हणाली, राजे, इथे माणसं बघून खोल्या देतात, आधी माणूस तरी दाखवा. तिचा स्वभावच तसा.

२ जून
जाणं रद्द. सुट्टी मागितली तर मालक म्हणाला, जा, पण परत येऊ नकोस. असल्या माणसाकडे राहायचं कशाला? सोडली नोकरी. ताई म्हणाली, मग आता मोकळाच आहेस, ये की. तिला कळत नाही. बिननोकरीच्या माणसाने गावी तोंड दाखवायचं?

९ जून
तोडगा! घामाच्या हप्त्यात मित्रांनी केलेलं कामही धरतात. तिकडे चुलून आहे, त्याला पाठवतो. शाळा आम्ही एकाच दिवशी सोडली. तो अजून रिकामाच. म्हटलं, माझ्या नावावर राब, रोजी मी देईन. म्हणाला, रोजीचं बघू, जेवायला मिळेल ना? भोळा आहे बिचारा.

२८ जून
पाया झाला. फोटोत चुलून माझी जुनी टोपी घालून घमेलं उचलतोय. मुकादम त्याला माझ्याच नावाने, पुरेव म्हणून हाक मारतो. बरं वाटलं. म्हणजे काम माझंच चाललंय.

१९ जुलै
नवी नोकरी डुकरांच्या फार्मवर. वास अंगातून जात नाही. सोडणार. चुलूनची रोजी राहिलीय, ऑगस्टात एकदम देऊ. आईला फोन केला तर ती घाईत. भिंतीत थर्माकोल भरताहेत, पुरेव जेवायला थांबलाय म्हणाली. म्हटलं, आई, पुरेव मी. म्हणाली, हो रे बाबा, तूही जेव.

२३ ऑगस्ट
छप्पर चढलं. पण दक्षिणेची खिडकी आईच्या खोलीला! चुलूनला फोनवर झापलं, की तुला कामाला ठेवलंय, डोकं चालवायला नाही. तो म्हणाला, म्हातारीला ऊन लागतं. आणि कामाला ठेवलेल्याला पगार असतो, पुरेव. त्याची जीभ फार सुटलीय.

२१ सप्टेंबर
परवा चावी मिळणार. ताईला म्हटलं, येतोच, माझी खोली झाडून ठेव. ती म्हणाली, संस्थेची बाई राहणाऱ्यांची नावं विचारायला आली होती, आईने तिघं सांगितली. हुश्श झालं. मग कळलं, तिसरा चुलून. ताईचं त्याच्याशी पुढच्या महिन्यात लग्न आहे.
मी ओरडलो, घाम माझ्या नावावर होता! आईने फोन घेतला. म्हणाली, ओरडू नकोस. तंबू मोडला नाही, मागे उभा आहे. आलास की तुझाच.
बराच वेळ बोलली. एकदाही खोकली नाही.

५ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. चुलूनला पाठवला कोणी? मी. म्हणजे घर उभं केलं कोणी? लग्नाला जमणार नाही, नवी नोकरी बघतोय. पण हात आखडता घेणारा मी नव्हे. चुलूनची सगळी रोजी, ताईचा आहेर, आईला गालिचा, दक्षिणेच्या खिडकीला पडदा, एकदम पाठवायचं ठरवलं.
खातं बघितलं.
पडदा पाठवतो. तीस हजार वॉन.